खिडकीतला कढीपत्ता

एप्रिलमधल्या एका मंगळवारी वसंत साळवी गेला. साइटवर छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. शाळेच्या लायब्ररीत मला फोन आला तेव्हा मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. फोन ठेवला आणि उरलेल्या पुस्तकांवरही मारले.

अबूधाबीत आम्ही दोघं बरीच वर्षं एका खोलीत राहिलो. त्याची बायको आणि लेक चिपळूणला. माझं असं कुणी नाही. दर हिवाळ्यात एखाद्या शुक्रवारी आम्ही बसनं अल ऐनला जायचो. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या मातीच्या भिंतींआड बाग आहे, तिथं खजुरांच्या सावलीत रोपांचा बाजार भरायचा. आत पाऊल टाकलं की ओल्या मातीचा वास यायचा आणि वसंता दाराशीच जरा थांबायचा. मग वाफ्यावाफ्यानं हिंडत प्रत्येक रोपाची चौकशी करायचा, मल्याळी विक्रेत्यांशी हिंदीत हुज्जत घालायचा आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडायचा. "व्हिसावर राहणाऱ्यानं झाड लावू नये रे," म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात मात्र तो काळ्या पिशवीतलं कढीपत्त्याचं रोप घेऊन आला.

"एवढे गुलाब सोडून हे? भाजीवाल्याकडे मिळतो की!"

"तू ब्रह्मचारी, तुला काय कळणार! शैला येतेय. लेकीची परीक्षा झाली की दोघी येणार. इथल्या तिच्या पहिल्या आमटीला घरचा कढीपत्ता हवा. तोवर एका पानाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

परतीच्या बसमध्ये एसीचा गारठा होता. त्यानं स्वेटर काढून रोपाभोवती गुंडाळला आणि स्वतः काकडत बसला... मी हसलो, तर म्हणाला, "यल्ला, चल, झोप तू."

वहिनींचा व्हिसा आला, तिकिटं निघाली, आणि विमानानं तोच गेला. त्याची बॅग मी भरून दिली. रोप नेता येत नाही, विमान कंपनीवाले म्हणाले.

परवा वहिनींचा फोन आला. त्यांनी विचारलं, "भाऊजी, कढीपत्ता जगला का हो? हे दर शुक्रवारी फोनवर त्याचंच सांगायचे."

"जगलाय. हातभर वाढलाय."

"मग तोडा आता. आमटीत घाला. तुम्ही... नीट जेवताय ना?"

हो म्हणालो. संध्याकाळी आमटी टाकली. मोहरी तडतडली तसा खिडकीशी गेलो, एक डहाळी बोटांत धरली. फोडणी करपल्याचा वास आला तेव्हा ती सोडली.

कढीपत्ता खिडकीत आहे. एसीखालची बादली भरली की ते पाणी मी त्याला घालतो. आमटी अजून त्याच्याशिवायच होते.