बाबांची छोटी रायफल

राज्य नवं झालं आणि रायपूरला राजधानी म्हणायची सवय होण्याआधीच आम्हाला बंदूकवाले बघायची सवय झाली. मंत्र्यामागे बंदूकवाला, ठेकेदारामागे बंदूकवाला. बाबांचा उरला या कारखान्यांच्या भागात लोखंडाच्या भंगाराचा धंदा होता. त्यांच्यामागे नुसती धूळ असायची, आणि हे त्यांच्या मनाला लागत होतं. त्यात एका संध्याकाळी उरल्याहून तेलीबांध्याला घरी येताना दोन मोटारसायकली त्यांच्या गाडीच्या मागे लागल्या. झालं काहीच नाही, पण घरी पोचल्यावरही बाबा बराच वेळ गाडीतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मी रायफल घेऊन राहिलो."

दुकानात जाऊन त्यांनी बघूनही ठेवली होती. आखूड, सीटखाली मावेल अशी. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते, आपण फक्त चाप दाबत जायचं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाचा शालू बघून आलेल्या बाईसारखा आनंद होता. आई वाढत होती. तिचा हात मध्येच थांबला, मग तिने पुन्हा भात वाढला.

बाबा वाईट नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून ते राक्षस वाटतील. पाहुण्याला उपाशी जाऊ देत नसत, माझ्या परीक्षेला स्वतः सोडायला येत. पण राग आला की हाताला लागेल ते सुटायचं. वरणाची वाटी, पितळी तांब्या, एकदा गरम इस्त्री. त्या इस्त्रीचा डाग आईच्या दंडावर कायमचा राहिला. डॉक्टरकडे बाबांनीच नेलं होतं आणि बाहेरच्या बाकावर बसून रडले होते. पुढच्या महिन्यात पुन्हा वाटी.

लायसन्ससाठी ठाण्यातून हवालदार चौकशीला आला. शेजाऱ्यांनी बाबांच्या सज्जनपणाची ग्वाही आधीच दिली होती. हवालदाराने चहा घेतला, समोसा संपवला आणि उठता उठता एक रीत म्हणून आईला विचारलं, "और दीदी, भैया का स्वभाव कैसा है?"

अशा वेळी आमच्याकडच्या बायका पदर सावरून "अच्छा है" म्हणतात. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "साहब, इनको गुस्सा आता है तो जो हाथ में आए, फेंक के मारते हैं. इनको बंदूक मत दो."

हवालदार हसला. "हव दीदी, मेरी वाली भी यही बोलती है." बाबाही हसले. त्यांचे कान लाल झाले होते.

स्वयंपाकघरात मी आईला म्हटलं, "काहून बोलली तू त्याच्यासमोर?"

"मंग कोणासमोर बोलू? तुह्या बापासमोर बोलून झालं, माह्या भावासमोर बोलून झालं. सरकारच राहिलं होतं."

सरकारने लायसन्स दिलं.

रायफल आली त्या रविवारी काकांना मुद्दाम बोलावलं होतं. बाबांनी ती खोळीतून काढली, खांद्याला लावली, खिडकीवर नेम धरला, पंख्यावर धरला. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. बाबांनी नळी तिच्याकडे वळवली.

"काय सांगितलं होतं हवालदाराले? आता सांग."

काका खो खो हसले. "रिकामी आहे वहिनी, घाबरून काय राहिल्या!"

बाबा मस्करीच करत होते. मला ती मस्करी आजही सहन होत नाही. आईने ट्रे टीपॉयवर ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही. चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन मला म्हणाली, "हे घरातून गेलं का मी येईन. तवर नाही." ऑटो करून ती समता कॉलनीत मामांकडे गेली.

बाबा तिला आणायला गेले. एकदा नाही, पुष्कळदा गेले. दर वेळी ती दारातूनच विचारायची, "गेली का?" बाबा म्हणायचे, "अवं, कपाटात तर असते. ते काय करते तुले?" आणि दार लागायचं. नातेवाइकांनी सगळा दोष आईला दिला. एवढ्याशा मस्करीवरून बाईने संसार मोडला म्हणे! बाबांना कोणी एका शब्दाने म्हणालं नाही, की बाबा रे, ती रायफल परत कर.

ज्या उरल्याच्या रस्त्यासाठी ती घेतली, त्या रस्त्यावर ती कधी गेलीच नाही. गाडीतून चोरीला जाईल, ही भीती. रविवारी बाहेर काढायची, तेल द्यायचं, पुन्हा कुलूप. मी दोन्ही घरांत राहायचे. आई माझ्यासोबत बाबांना आवडतं तसं लिंबाचं लोणचं पाठवायची, बाबा तिच्यासाठी आंब्याची पेटी द्यायचे. एकमेकांची तब्येत मलाच विचारायचे. कधी कधी दोघांनाही धरून हलवावंसं वाटायचं. पण खरा राग बाबांचाच यायचा. आईने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांच्या हातात होती.

बरीच वर्षं अशी गेली. बाबा अचानक गेले, छातीत कळ येऊन. आई मामांबरोबर आली आणि फाटकाशी थांबली. अंगणातल्या बायका म्हणाल्या, "आता तरी आत या." तिने माझ्याकडे पाहिलं.

"कपाटात आहे?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. मी मान हलवून हो म्हटलं.

आई बाहेरच उभी राहिली. काका पुटपुटले, बायका कुजबुजल्या. शेवटी बाबांना बाहेर आणून फाटकाजवळच टेकवलं. आई रस्त्यावरच बसली. त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि अशी रडली, अशी रडली की दोघी-तिघींना ती आवरेना. "किती वाट पाहिली तुमची," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यांना नेलं तेव्हा मी तिला उठवलं, घराकडे वळवलं. तिने माझा हात सोडवला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ऑटोला हात केला.