दफेदारांचा बिगोनिया

ग्वाल्हेरच्या कंपूत, म्हणजे जुन्या छावणीच्या वस्तीत, जयसिंहराव भोइट्यांना सगळे दफेदारच म्हणत. रिसाला मोडला, घोडे गेले, तरी हाक तीच राहिली. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिळवायचं ठरलं, तेव्हा नव्या डॉक्टरनं दफेदारांचा डावा गुडघा दाबून पाहिला. त्या गुडघ्यावर एकदा अख्खा घोडा पडला होता. डॉक्टर गोड आवाजात म्हणाला, "दफेदारसाहब, अब आराम कीजिये."

आराम म्हणजे काय ते दफेदारांना माहीत नव्हतं. पहाटे उठायचे, खरारा हातात घ्यायचे आणि मग आठवायचं की घोडाच नाही.

त्यांचे मेहुणे संभाजीराव गिरणीच्या गोदामावर होते. माणूस कामाचा, पण जिभेला लगाम नाही. त्यांनी गिरणीच्या फाटकावर दरवानाची जागा पाहून ठेवली. एवढ्यावर न थांबता दौलतगंजातल्या शिंप्याकडून पितळी बटणांचा जाड खाकी कोट स्वतःच्या पैशानं शिवून आणला आणि बहिणीच्या घरात खुंटीला टांगला.

"दाजी, बसल्या जागी पगार. गाडी आली की सलाम ठोकायचा, बस!"

"सलाम मी घोड्यावरून घेतलेत, मेहुणे."

"आता घोडा कुठाय?"

पण घोडा नसला तरी दफेदारांकडे चार कुंड्या होत्या.

कमांडरसाहेबांचा बंगला उठला तेव्हा त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी त्या कुंड्या दफेदारांच्या स्वाधीन केल्या होत्या. "पुण्याच्या गाडीत ह्या तगायच्या नाहीत. ह्यांना उजेड द्या, ऊन देऊ नका. एवढं सांभाळलंत की वर्षानुवर्षं फुलतील." झाडाचं नाव बिगोनिया. वेतासारखं पेरापेरांचं खोड, एका अंगाला कललेलं पंखासारखं पान, पानाची पाठ तांबूस, आणि पेरांतून खाली लोंबणारे गुलाबी फुलांचे झुपके.

दफेदारांनी ही झाडं सावलीच्या पडवीत ठेवली आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली घरं अशी बांधलेली की ऊन आत शिरूच नये. गुलाब म्हणा, मोगरा म्हणा, सगळ्यांना ऊन लागतं. म्हणून घराच्या आत फूल म्हणून दिसत नाही. ह्या सावलीतल्या घरांत फुलणारं झाड मिळालं तर कोण नको म्हणेल?

खोडाचा पेरासकट तुकडा ओल्या वाळूत खोचला की त्याला मुळं फुटतात, हे त्यांनी करून पाहिलं. एकाची दहा झाडं व्हायला लागली तशी पडवी पुरेना. मग त्यांनी कंपूतच एक ओस पडलेला तबेला भाड्यानं घेतला. कौलं उतरवली. त्या दिवसांत जुनी सरकारी कार्यालयं मोडत होती, दप्तरं इंदूरला जात होती आणि खिडक्या-दारं लिलावात निघत होती. दफेदारांनी काचेची तावदानं गाडीभर आणली, छपरावर चढवली, फटी सांधल्या. एका तावदानावर कुठल्याशा बरखास्त खात्याचं नाव रंगवलेलं तसंच राहिलं. लोक रस्त्यात थांबून बघत.

"काय दफेदार, आता झाडांची परेड?"

"हो. आणि ही रजा मागत नाहीत."

पहिला हिवाळा झकास गेला. हिवाळ्यात मध्य भारताची राजधानी ग्वाल्हेरला असे, उन्हाळ्यात इंदूरला. अधिकारी मंडळी गावात होती. जयेंद्रगंजातल्या व्हरांड्यांतून, दवाखान्यांतून दफेदारांच्या कुंड्या लागल्या. सुलोचनाबाईंनी, म्हणजे दफेदारांच्या पत्नीनं, खुंटीवरच्या कोटावर जुनं धोतर पांघरून टाकलं.

आणि मग लू सुटली.

ग्वाल्हेरची लू ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून कळायची नाही. पश्चिमेकडून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येतो आणि हिरवं म्हणून जे असेल त्यातला रस शोषून घेतो. त्यात हे काचेचं घर! दुपारी आत पाऊल टाकलं की कानशिलं तापत. झाडं माना टाकायची. दफेदारांना वाटायचं, तहानलीत बिचारी. मग विहिरीवरून बादल्याच्या बादल्या आणून ते भर दुपारी पानांवर, मुळांवर ओतायचे. झाडं आणखी मान टाकायची. दफेदार आणखी पाणी घालायचे.

एके सकाळी कुंडी उचलायला गेले तर झाड हातात आलं. खोड बुडाशी शिजलेल्या भेंडीसारखं मऊ झालं होतं. दुसरं पाहिलं, तेही तसंच. अख्खी रांग तशी. गावातली गिऱ्हाइकंसुद्धा सुकलेल्या काड्या घेऊन दारात यायला लागली. "दफेदार, हे काय फक्त थंडीपुरतं झाड आहे का?"

संभाजीरावांना बातमी लागायला वेळ लागला नाही. आले ते थेट खुंटीपाशी गेले आणि धोतर बाजूला सारून कोट झटकला.

"दाजी, बहोत हो गया. माळीकाम हे आपल्या लोकांचं काम नाही. जागा मी किती दिवस धरून ठेवू?"

दफेदारांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "आर्द्रा लागेपर्यंत थांबा. पाऊस येईपर्यंत ह्यातली अर्धी झाडं जगली तर मी माझ्या मार्गानं. नाही जगली तर कोट घालून तुमच्या फाटकावर उभा राहीन. जबान दिली."

"तायडे, तू साक्षीला," असं बहिणीला बजावून संभाजीराव गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाबाई जेवणाचा डबा घेऊन काचघरात आल्या. दफेदारांसाठी त्यांनी पश्चिमेच्या दारात पाण्याचा माठ ठेवला होता. गार राहावा म्हणून त्याच्यासमोर दाराच्या चौकटीला ओलं गोणपाट टांगलेलं. डबा ठेवता ठेवता त्या माठामागे वाकून पाहू लागल्या.

"अहो, ह्या कोपऱ्यातल्या कुंड्या बघितल्यात?"

"का? त्याही गेल्या?"

"गेल्या कशाच्या! ताठ उभ्या आहेत. ह्यांना काय वेगळं घालता?"

"काहीच नाही. माठाच्या अडचणीमुळे तिथवर बादली पोचतच नाही."

"म्हणजे तुमच्या बादलीतून वाचल्या त्याच जगल्या म्हणायच्या!"

दफेदार उठले, गुडघा धरून कोपऱ्यात बसले. गोणपाटातून गाळून येणारा वारा त्यांच्या तोंडावर आला. गार होता. दाराबाहेर लू घोंघावत होती आणि तीच लू ओल्या गोणपाटातून आत येताना थंड होऊन येत होती. त्यांनी खाडकन कपाळावर हात मारला.

"सुलोचना, मी गाढव आहे."

"हे आज कळलं?"

"तापलेल्या घोड्याच्या पाठीवर पाणी ओतायचं नाही, हे मी रिसाल्यात भरती झालेल्या प्रत्येकाला ओरडून शिकवलं. तबेला गार करा, घोडा आपोआप गार होतो. आणि इथे ह्याच तबेल्यात उभा राहून भर दुपारी झाडांवर बादल्या ओततोय!"

सांगायचं तर शास्त्र एवढंच होतं. कोरड्या गरम हवेत पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, म्हणून मान पडते. वरून कुंडीत चिखल करून टाकला की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. तहान झाडाला नव्हती, हवेला होती.

त्याच संध्याकाळपासून कामाची उलटापालट झाली. पश्चिमेची भिंत जिथे मोकळी होती तिथे दफेदारांनी वाळ्याचे जाड पडदे लावले. काचांवर बाहेरून चुन्याचा पातळ हात दिला, म्हणजे उजेड येईल पण ऊन गाळून येईल. जमिनीवर वाळू पसरून ती भिजती ठेवली. तापलेली हवा वर चढते, म्हणून तबेल्याच्या भिंतीतले वरचे बुजवलेले झरोके मोकळे केले. कुंडीत मात्र पहाटे बोट खुपसून बघायचं, बोट कोरडं निघालं तरच पाणी.

मग नवरा-बायकोची दोघांची लढाई सुरू झाली. पडदे वाळू द्यायचे नाहीत. दफेदार विहिरीवरून पाणी काढत, सुलोचनाबाई पदर खोचून पडद्यांवर फेकत. लू जितकी जोरात तितके पडदे जास्त गार. संबंध ग्वाल्हेर दारं लावून लूला शिव्या देत पडलेलं, आणि कंपूतला एक माणूस आभाळाकडे तोंड करून म्हणत होता, "ये, आणखी जोरात ये!" वैऱ्याच्याच घोड्यावर मांड टाकल्यासारखं त्यांना वाटत होतं. रिसाला सुटल्यापासून पहिल्यांदा.

झाडांनी माना उचलल्या. पेरांतून कोंभ आले. मग एके दिवशी सुलोचनाबाईंनीच पहिला झुपका पाहिला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नुसती काजळाची बोटं काचेला पुसली, दृष्ट लागू नये म्हणून.

आर्द्रा तोंडावर आली. संभाजीराव आले ते एकटे नाहीत. गिरणीचे सेक्रेटरी शरच्चंद्र कारखानीस बरोबर होते, सोनेरी काड्यांचा चष्मा, डोक्याला ओला रुमाल.

"साहेब, माणूस एकदा नजरेखालून घाला," संभाजीराव वाटेत सांगत होते. "छाती बघा, मिशा बघा. फाटकाला शोभा येईल. दाजी! अहो दाजी, बाहेर या!"

"तुम्हीच आत या," आतून आवाज आला. "आणि दार लावून घ्या, गारवा जातो."

कारखानीस वाळ्याचा पडदा सारून आत आले आणि चष्म्यावर ओल्या पडद्याचे थेंब उडाले. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा लावला. बाहेर रस्त्यातलं डांबर वितळत होतं. आत वाळ्याचा वास होता, ओलसर सावली होती, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुलाबी झुपके लोंबत होते. बरखास्त खात्याच्या तावदानाखाली तर पान दिसत नव्हतं इतकी फुलं.

"जूनमध्ये?" कारखानीस एवढंच म्हणाले.

"जूनमध्ये," दफेदार म्हणाले.

"हे विकायचं आहे?"

"त्यासाठीच वाढवलंय, साहेब."

"गिरणीच्या नव्या कचेरीचं उद्घाटन आहे ह्याच महिन्यात. पाहुणे थेट इंदूरहून यायचेत आणि आमचा माळी म्हणतो, ह्या दिवसांत काटेनिवडुंगाशिवाय काही मिळायचं नाही. मला जिन्यापासून दिवाणखान्यापर्यंत ह्या कुंड्या हव्यात. आणि पुढे बारा महिने, बदलून बदलून."

संभाजीराव घसा खाकरून पुढे झाले. "साहेब, आणि ते... दरवानाचं?"

"अहो, दरवान सतरा मिळतील! ह्या माणसाला फाटकावर उभा करता? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

सुलोचनाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही. संभाजीराव क्षणभर गोरेमोरे झाले. मग त्यांनी कुंड्यांवरून नजर फिरवली, एका झुपक्याला हळूच बोट लावलं आणि मान डोलावली. "दाजी, मान गये. बोलून चालून आमचेच दाजी!"

"हो ना," दफेदार म्हणाले, "आता कुंड्या गाडीत चढवायला हात लावा. पाठीवर कोट नाही तेवढं बरं, उकडलं असतं."

उद्घाटनाच्या दिवशी कुंड्यांची गाडी फाटकातून आत गेली. नव्या दरवानानं सलाम ठोकला. सवयीनं दफेदारांचा हात कपाळाशी गेला आणि त्यांनी तो परत केला.

पौषात कडाक्याची थंडी पडली. बिगोनियाला लू सोसत नाही तशी थंडीही सोसत नाही, आणि वाळूत नुकतीच खोचलेली कांडी तर फारच नाजूक. संध्याकाळी दफेदार काचघरात पांघरूण शोधत होते, तेवढ्यात सुलोचनाबाई घरातून जाड खाकी कोट घेऊन आल्या.

"अगं, तुझ्या भावानं हौसेनं शिवलाय!"

"मग वाया का घालवायचा?" त्या म्हणाल्या आणि तो कोट त्यांनी रोपांच्या पेटीवर अंथरला. बाह्या दोन्हीकडून नीट खोचल्या.

सकाळी कोट उचलला तेव्हा पितळी बटणांवर दहिवर होतं, आणि खाली सगळ्या कांड्या हिरव्यागार उभ्या होत्या.