मुंबईची हद्द इथवर

टेबलावर लाकडी रूळ आडवा ठेवायचा, त्याच्या अलीकडं बोट टेकवायचं अन् म्हणायचं, "मुंबईची हद्द इथवर. पलीकडं दिल्ली. बस, खलास!" परभणीच्या कचेरीत जातीच्या दाखल्यांचं टेबल सांभाळणारे आमचे भाऊसाहेब दिवसातून दहादा तरी ही कवायत करायचे. मी शेजारच्याच टेबलावर.

कवायतीचं कारण असं. बौद्ध झालेल्यांना राज्य सरकार सवलती द्यायचं. पण अनुसूचित जातींची यादी दिल्लीची, तिच्यात बौद्ध नव्हते, आणि त्या यादीला हात लावायचा अधिकार घटनेनं कुठल्याच राज्याला दिलेला नाही. म्हणजे एकाच पोराला जिल्हा परिषदेत राखीव जागा मिळायची आणि दिल्लीच्या हाताखालच्या पोस्टात मिळायची नाही. घ्या!

"मंग सरकार काय कामाचं?" झरीचा एक म्हातारा एकदा चिडला.

"सरकारलाबी मालक असतो, बाबा," भाऊसाहेब म्हणाले. "घटना."

विद्यापीठाच्या नामांतराचं मात्र उलटं. ते तर मुंबईच्याच हातातलं. ठराव होऊन वर्षं लोटली, तरी जुनं नाव जागच्या जागी. भाऊसाहेब स्वतः बौद्ध. रुळानं पाठ खाजवत म्हणायचे, "हद्दीबाहेरचं करता येईना अन् हद्दीतलं करंना. लय गुणाचं सरकार हाय!"

पोस्ट-रेल्वेसाठी काहीजण मुकाट्यानं 'हिंदू' लिहून दाखला न्यायचे. भाऊसाहेब त्यांना बोल लावायचे नाहीत. "पोट हाय," एवढंच म्हणायचे.

मग त्यांची लेक पोस्टाच्या परीक्षेत पास झाली. जागा राखीव, दाखला जोडला की नोकरी. मीच शहाणपणा केला, "भाऊसाहेब, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू'च हाय की. लिहून टाका." मला काय जातंय सांगायला! दोन दिवस कोरा अर्ज त्यांच्या खणात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीचा दाखल्याचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला. धर्माच्या रकान्यात 'हिंदू'. अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

दुपारी लेक सही करायला आली. तिनं अर्ज वाचला. बापाच्या हाताखालचा रूळ उचलला, टेबलावर आडवा ठेवला अन् अलीकडं बोट टेकवलं.

"बाबा, तुमची हद्द इथवर."

भाऊसाहेबांनी अर्ज फाडला. "बरोबर हाय, माय," म्हणाले, हसले अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मला माझीच लाज वाटली, खरं सांगतो.

जागा गेली. पोरगी झरीच्या बालवाडीत तुटपुंज्या मानधनावर शिकवायला लागली.

नव्वद साली दिल्लीनं यादीत बौद्धांना घेतलं. तोवर लेकीचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. तरी भाऊसाहेबांनी तिच्या नावाचा नवा दाखला लिहिला, धर्म 'बौद्ध', साहेबाची सही घेतली, शिक्का मारला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"आता लिहिता येतंय म्हणून."

ते गेले तेव्हा मी घरी भेटायला गेलो. भिंतीवर तो दाखला, काचेची चौकट करून टांगलेला. कुठल्याही अर्जाला कधी न जोडलेला. मी बघतोय हे लेकीनं पाहिलं. चहाची कपबशी माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "काका, हा दिल्लीतबी चालतो बरं का."

मी मान हलवली अन् चहा घेतला.