हिरव्या धाग्याची बिडी

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या गावच्या बायांनी जवानांसाठी वळलेल्या बिड्या जवानांपर्यंत कधी गेल्याच नाहीत. एकसुद्धा नाही. हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, कारण त्यांच्या कट्ट्यांवर, म्हणजे बंडलांवर, बाजारचं लेबल मीच माझ्या हातानं चिकटवत होतो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मुलांना नाही. एका माणसाला सांगितलं होतं, तेही अर्धवट आणि स्वतःच्या सोयीपुरतं. त्याचं पुढं येईलच. आज लिहितो आहे, कारण जिला हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं ती माझी वहिनी, वेणूवहिनी, पाच आठवड्यांपूर्वी गेली. गावाहून, करडीहून, पुतण्याचा निरोप आला तेव्हा मी कचेरीत फायलीला दोरी बांधत होतो. निरोप ऐकला आणि मनात पहिला शब्द आला तो ‘सुटलो’. रडू नंतर आलं. आधी ‘सुटलो’. त्या शब्दाची मला अजून किळस येते.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आई आधीच गेलेली. दादा लष्करात शिपाई, वर्षातून एकदा सुटीवर यायचा. घर म्हणजे वडील, मी आणि ही नवी आलेली, बारीक बांध्याची, सतत काहीतरी पुटपुटणारी बाई. सकाळी शेणपाणी, दिवसा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणं नाहीतर धान कापणं, आणि उरलेल्या वेळात पडवीत मांडीवर सूप घेऊन बिड्या. आमच्याकडं बिडी न वळणारी बाई शोधावी लागे. तेंदूची ओली पानं पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कैचीनं कापायची, चिमटीनं जर्दा भरायचा, वळायची, नखानं तोंड दुमडायचं आणि धाग्याचे दोन फेरे. मी तिच्या बाजूला बसून शाळेचा अभ्यास करी. मी मनात वाचू लागलो की ती म्हणे, “मोठ्यानं वाचा ना भाऊजी. हात रिकामे नाईत, कान त रिकामे हायेत. आमचेबी कान शिकतीन.” मी मॅट्रिक झालो ते असा मोठ्यानं वाचत वाचत. त्यात इतिहासाच्या सनावळ्या माझ्यापेक्षा तिच्याच अधिक पाठ झाल्या.

मॅट्रिक होऊन मी लागलो कुठं, तर गावातल्याच सट्टेदाराकडं. बिडी कंपनीचा तंबाखू आणि पानं आणून बायांना देणारा आणि त्यांच्याकडून बिड्या जमा करणारा तो सट्टेदार. त्याचं नाव लिहीत नाही. आता तो नाही, आणि नाव लिहून माझा वाटा कमी व्हायचा नाही. त्याच्या शेडमध्ये मी आधी पोती उचलली, मग लेबलं लावली, आणि लढाईच्या वर्षी चेकरच्या खुर्चीवर बसलो. चेकर म्हणजे बायांनी आणलेल्या बिड्या मुठीत धरून पाहणारा. ढिली असेल, तोंड उघडं असेल, धागा वेगळ्या रंगाचा असेल तर ती बाजूला फेकायची. तिला छाट म्हणतात. छाटातल्या बिडीची मजुरी नाही, आणि ती बिडी बाईला परतही मिळत नाही. सगळ्या बाया त्या एका शब्दाला भीत. वहिनी माझी म्हणून मी पक्षपात करतो असं कोणी म्हणू नये, यासाठी मी तिच्या मुठीतून सर्वांत जास्त बिड्या छाटात टाकायचो. चांगल्या, घट्ट, एकसारख्या बिड्या. ती फक्त पदरानं सूप पुसायची.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि लढाईची हवा झाली. दादाची पलटण पूर्वेकडच्या सरहद्दीवर गेली होती. शेडमध्ये बसून वळणाऱ्या बारा-तेरा बाया होत्या, त्यांत आता वहिनीही. सकाळी तासभर मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. एक दिवस दादाचं कार्ड आलं. वहिनी म्हणाली, तेबी वाचा सगळ्याहिपुढं, आपल्यात काय लपवाचं. मी वाचलं. दादानं लिहिलं होतं की सगळं ठीक आहे, दलदल फार आहे, आणि बिडीची मोठी ओढ होते. मिळते ती भिजलेली असते. बाया हळहळल्या. जनाबाई म्हणून एक विधवा बाई होती, तोंडाची तिखट. ती म्हणाली, “पाय माय, आपण इथं ढिगानं वळून राह्यलो, अन् आपल्या घरचा माणूस तिथं एका बिडीले तरसून राह्यला!” सट्टेदार दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडमध्ये नारळ फोडला आणि भाषण दिलं. देश संकटात आहे, प्रत्येक बाईनं रोज एक कट्टा, म्हणजे पंचवीस बिड्या, जवानांसाठी जास्तीचा वळावा; तो मिलिटरीला पाठवायची व्यवस्था मी करतो. त्याला आम्ही ‘जवानाचा कट्टा’ म्हणू लागलो. बाया हरखल्या हे खोटं नाही. धान कापणीचे दिवस, दिवसभर वाकून कंबर मोडलेली, तरी तो एक कट्टा चुकला नाही. चांगलं पान निवडून जवानाच्या कट्ट्यासाठी वेगळं ठेवत. जनाबाईनं मला बजावलं, “या कट्ट्यात छाट काढशीन त हात मोडीन तुहा, चेकरसाहेब.”

वहिनीनं त्यात आणखी एक केलं. आमच्या बिडीचा धागा गुलाबी. तिनं लग्नातल्या हिरव्या लुगड्याच्या काठातून धागे उसवून काढले, काडीवर गुंडाळले, आणि रोजच्या जवानाच्या कट्ट्यात एक बिडी हिरव्या धाग्यानं बांधू लागली. मी म्हटलं, वहिनी, वेगळा धागा म्हणजे सरळ छाट. ती म्हणाली, “एवढी एक जाऊ द्या भाऊजी. त्याहिच्या हाती आली त वळखतीन, घरचा हात हाये म्हणून.” मी हसलो. एवढी मोठी फौज, आणि तुमची बिडी नेमकी दादाला? तर म्हणाली, “पाटाचं पाणी सोडलं का कोणाच्या बांधीत जाते हे कोण सांगते त्याले? जातेच ना!” मी ती बिडी जाऊ दिली. मी तिच्यावर एवढा एकच उपकार केला, असं मला तेव्हा वाटत होतं.

आठवडा झाला. जवानाच्या कट्ट्यांनी टोपले भरले. मी सट्टेदाराला विचारलं, हे कधी पाठवायचे? तो पान खात होता. पिंक टाकून म्हणाला, “लेबल लाव अन् पेटीत भर. मिलिटरीले काय कमी हाये? त्याहिले सरकार देते.” मग माझ्या खुर्चीकडं पाहून म्हणाला, “खुर्ची जमून राह्यली ना रे तुले?” एवढंच. धाक नाही, शिवी नाही. मी लेबलं लावली. लढाई संपली तरी जवानाचा कट्टा संपला नाही. होळीपर्यंत बाया वळत राहिल्या आणि मी चिकटवत राहिलो. सकाळी त्याच बायांना वर्तमानपत्रातून आपल्या फौजेचा पराक्रम वाचून दाखवायचा, आणि दुपारी मागच्या खोलीत खळ कालवायची. त्या खळीचा वास अजून माझ्या बोटांना आहे असं वाटतं... लग्नपत्रिकेचं पाकीटही मी दुसऱ्याकडून चिकटवून घेतो.

एकदा कामानं वरठीला गेलो होतो. स्टेशनाबाहेर चहा पीत होतो. शेजारी एका ट्रकचा क्लीनर बसला होता. त्यानं आमच्या लेबलाचा कट्टा फोडला, दोन-तीन बिड्या काढल्या आणि एक डोळ्यांपुढं धरून म्हणाला, “हरा धागा? साला, छाट का माल भर दिया!” त्यानं ती चिखलात फेकली आणि वर थुंकला. माझ्यापासून दोन हातांवर पडली होती ती. मी उचलली नाही. चहा संपवला, एसटीत बसलो आणि गावी आलो. पडवीत वहिनी हिरवा धागा दातानं तोडत होती.

उन्हाळ्यात दादा सुटीवर आला. जिवंत आला, धड आला. वरठीला त्याला घ्यायला सायकल घेऊन मीच गेलो. ट्रंक कॅरियरला बांधली आणि दोघं चालत निघालो. मला एकाच गोष्टीची भीती होती, की घरी पाय ठेवताच वहिनी विचारणार. म्हणून वाटेत, एका तळ्याच्या पाळीवर थांबून, मी त्याला सांगितलं. मी लेबलं लावली हे नाही सांगितलं. ‘शेठनं विकल्या, मला उशिरा कळलं’ असं सांगितलं. आणि म्हटलं, “दादा, वहिनीनं इचारलं त भेटली म्हणून सांगजो. हिरवा धागा पाह्यला म्हणजो.”

दादा तळ्याकडं वळला. मग म्हणाला, “आमी तिकडं भिजलेल्या बिड्या पोटाशी धरून वाळवत होतो मन्या. दोघात एक पेत होतो.” नंतर विचारलं, “तुले उशिरा कळलं?” मी मान हलवली. त्यानं माझ्या बोटांकडं, नखांत अडकलेल्या खळीकडं पाहिलं आणि तो पुढं चालू लागला.

घरी वहिनीनं पाण्याचा गडवा हाती दिला आणि दम धरवला नाही तिला. “अजी, बिडी भेटली का?” दादा म्हणाला, “हाव. भेटली. हिरवा धागा होता.” त्या वेळचा तिचा चेहरा मी लिहू शकत नाही. ती धावत शेजारी जनाबाईच्या घरी गेली आणि तिथून सगळ्या गावभर. दादानं खिशातलं बिडीचं बंडल काढून चुलीत टाकलं. त्यानंतर त्याला बिडी पिताना कोणी पाहिलं नाही. माझ्याशी तो कामापुरतं बोलला, मरेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी तो गेला. ते खोटं त्यानं तिच्यासाठी शेवटपर्यंत सांभाळलं. मी माझ्यासाठी सांभाळलं.

सगळ्यांत घाणेरडी गोष्ट पुढची आहे. काही वर्षांनी सट्टेदार गावचा पुढारी झाला. एका महाराष्ट्र दिनाला त्यानं ‘युद्धकाळात देशसेवा करणाऱ्या माताभगिनींचा’ सत्कार ठेवला. मी तेव्हा कचेरीत लागलो होतो, अक्षर चांगलं, भाषा चांगली; त्याचं भाषण मी लिहून दिलं. हिरव्या धाग्याची गोष्ट मी त्यात घातली. रंगवून घातली. त्यानं ती वाचली तेव्हा मांडवातल्या लोकांनी डोळे पुसले. दादा आला नाही; भर उन्हात बांधीवर जाऊन बसला. बाया ओळीनं बसल्या होत्या, शाली पांघरून, घामानं निथळत. जनाबाई वहिनीच्या कानात म्हणाली, “मेल्याले थंडीत नाई सुचली शाल. मे महिन्यात भाजून राह्यला आमाले.” वहिनी खुदखुदली. मी स्टेजवर माइक धरून उभा होतो आणि मीही हसलो.

जर्द्याच्या धुळीनं वहिनीची छाती गेली. शेवटची दोन वर्षं खोकला थांबला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं वळणं बंद करायला सांगितलं होतं, तिनं केलं नव्हतं. ती जाण्याच्या तीन दिवस आधी मी भेटायला गेलो. खाटेवर उठून बसली, पुतण्याच्या बायकोला चहा ठेवायला सांगितलं आणि ती आत गेल्यावर हळूच म्हणाली, “भाऊजी, एक गोष्ट इचारू? खरं सांगान?”

 वाटलं, आली वेळ. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी सगळं सांगायला तयार होतो.

तिनं विचारलं, “माह्या बिड्या तुमी एवढ्या छाटात काहून टाकत होते? हात खराब होता का माहा?”

इतकी वर्षं ती हे बाळगून होती. मी म्हटलं, “नाई वहिनी. तुमचा हात सगळ्यात चांगला होता. लोक नावं ठेवतीन म्हणून टाकत होतो.” ती हसली, खोकली, पुन्हा हसली. “मंग ठीक हाये बाप्पा. मले वाटे, हातच खराब हाये.” मग म्हणाली, “पण जवानाच्या कट्ट्यात त छाट नोहोती ना? त्या साऱ्या गेल्या ना चांगल्या?”

मी म्हटलं, “हाव. साऱ्या गेल्या.”

चहा आला. मी प्यालो.

तेराव्याला गेलो तेव्हा पडवीत तिचं सूप खुंटीला टांगलेलं होतं. जर्द्यानं काळं पडलेलं, कडेला कैची अडकवलेली. आणि सुपाच्या कामटीत खोचलेली एक काडी, तिच्यावर हिरव्या धाग्याचे उरलेले वेढे. रंग उडून गेला आहे, पण हिरवा आहे हे कळतं. पुतण्या म्हणाला, काका, हे तुमी घेऊन जा, तुमालेच त्याची गोष्ट माहीत. मी हात लावला नाही.

त्या शेडमधल्या सात बाया अजून आहेत. जनाबाई आहे, तिला दिसत नाही आता, पण ऐकू चांगलं येतं. या सातांपैकी कोणालाही वाचता येत नाही. म्हणजे हे इथं छापून आलं तरी त्यांना सांगितल्यासारखं होत नाही. वाचणाऱ्यांपुढं कबुली देऊन इथंही मी सोपं तेच निवडलं. त्यांना मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. हा मजकूर करडीला नेऊन, त्या सातजणींना एकत्र बसवून, मोठ्यानं वाचून दाखवणं एवढं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.