पन्ह्यावरून पारख

आमच्या यजमानांची नोकरी संस्थानातली. संस्थान विलीन झालं आणि पुढे नोकरीही गेली. उज्जैनात पोटापाण्याचं जमलं नाही, तर ग्वाल्हेरला थोरल्या जावेच्या हाताखाली जाऊन राहायचं, असं घरात ठरलं. म्हणून मी खानावळ काढायचं ठरवलं. दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंना इथे आमटी-भात मिळत नसे. फ्रीगंज पेठेत दोन खोल्या पाहिल्या. काम एकटीचं नव्हतं, भागीदारीण हवी होती.

माणूस पारखायला चैत्रातल्या हळदीकुंकवासारखी सोय नाही. बोलावणं आपोआप येतं आणि स्वयंपाकघर दिसतं. काय पाहायचं ते मी ठरवून गेले: पहिल्या आणि शेवटच्या बाईच्या डाळीत मीठ सारखं आहे का, वाटी खालूनही घासली आहे का, पन्हं संपत आलं की घरची बाई घाबरते का.

महसूल कचेरीतल्या कारकुनाची बायको सगळ्या कसोट्यांना उतरली. रामघाटावरच्या मराठी उपाध्यायांची बायको एकीलाही नाही. तिच्याकडे पन्हं आलं तेव्हा आम्ही चपला शोधत होतो. तोवर ती घाटावर आलेल्या मंडळींच्या गोष्टी सांगत होती. कोण कुठल्या गावचं, कोणाला लसूण चालत नाही.

कारकुनाच्या बायकोशी बोलणं पक्कं केलं. पातेली घेतली. दिवाळीत नवा मध्य प्रदेश झाला आणि ती पेढे घेऊन आली.

"यांना बढती मिळाली, वहिनी. भोपाळला."

वाटीचं बूड पाहिलं होतं. नवऱ्याची कचेरी कुठे हलणार, हे विचारायचं राहिलं. बदलीवर जगणाऱ्या आमच्या लोकांत हा प्रश्न पहिला हवा होता. तेवढ्यात जावेचा निरोप आला, माळ्यावरची खोली झाडून ठेवली आहे.

मी रामघाटावर गेले.

"तुमची बदली वगैरे नाही ना होणार?" मी उपाध्यायबाईंना विचारलं.

"लो, सुनो! अहो वहिनी, हमारी बदली कौन करेगा? शिप्रामैया?" हे तिने आतल्या नवऱ्यालाही ओरडून ऐकवलं. मग म्हणाली, "पण तुम्ही राहणार ना? ग्वाल्हेरचं काहीतरी कानावर आलंय."

"ते तुमच्यावर आहे."

खानावळीच्या पहिल्या दिवशी ती उशिरा आली. भात निवला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिच्यामागून नाशिकचं एक अख्खं बिऱ्हाड आत आलं.

"यांना लसूण चालत नाही," ती म्हणाली.

मी भात पुन्हा चढवला.