पॉइंटसाहेबांचं मधाचं बोट

आमच्या सासऱ्यांना रुग्णालयात सगळे पॉइंटसाहेब म्हणतात. अर्थात पाठीमागे. त्यांचं काम असं, की डॉक्टरांनी कागदावर जे निदान लिहिलं असेल त्याला एका जाडजूड पुस्तकातून नेमका कोड शोधून द्यायचा. विमा कंपनीला आजाराशी देणंघेणं नसतं, ती कोड वाचते. त्या कोडच्या मध्ये एक पॉइंट असतो, आणि पॉइंटनंतरचा आकडा कुणी चुकवला की बाबा असे लालबुंद होतात, जणू एकाची किडनी दुसऱ्याला बसवली.

आजार म्हणजे काय हे मात्र त्यांना विचारू नये. तो कुठल्या पानावर आहे ते विचारावं. सासूबाईंचे गुडघे धरले की हे विचारणार, "डावा की उजवा? दोन्ही असतील तर कोड वेगळा." गुडघ्याला तेल चोळून द्यावं, हे त्यांना कधी सुचलं नाही. जेवताना मोठ्या कौतुकानं सांगायचे, "बदकानं चोच मारली तरी कोड आहे, सूनबाई!" आमच्या घरात अजून कुणाला बदकानं चोच मारलेली नाही, पण असो.

डॉक्टरांशी त्यांचं उभं वैर. अर्धवट भरलेला कागद आला की त्यावर लाल शाईनं 'माहिती अपुरी' असा शेरा मारून तो परत. सगळ्यात जास्त कागद परत जायचे ते लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचे. "रोग्याला चार प्रश्न विचारायला काय धाड भरते यांना?" असं रोज घरी येऊन आम्हाला ऐकवायचे. आम्ही काय करणार होतो?

मला मुलगा झाला. लस टोचायला नेला तेव्हा त्याच बाईंनी बजावलं, वर्षाचा होईपर्यंत मध चाटवायचा नाही. मधातून एका जंतूची बीजं बाळाच्या आतड्यात जाऊन रुजू शकतात, तिथे विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. आजाराचं नाव बॉट्युलिझम. मी घरी येऊन हे सांगितलं, तर बाबा चक्क हसले.

"बॉट्युलिझम तू मला शिकवतेस? अन्नातल्या विषबाधेच्या पानावर बॉट्युलिझम आहे. आणि त्याच्याखाली साफ सूचना आहे, तान्ह्या बाळाचा बॉट्युलिझम इथे धरू नये. त्याचं पान वेगळं, कोड वेगळा. म्हणजे खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. नवी पोरं हीच चूक करतात!"

"पण बाबा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्यांना आधी कागद पुरा भरायला सांग."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. इथे बैल नव्हता, माझं बाळ होतं. तरी मी म्हटलं, बोलू देत, बोलण्यापलीकडे या माणसानं घरात कधी काही केलंय? ऑफिसातून कुणीतरी दिलेली मधाची बाटली त्यांच्या कपाटात आहे हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी मी आंघोळीला गेले की बाळ त्यांच्याजवळ असायचं, तेवढंच मला बरं वाटायचं.

आधी बाळाला शी होईना. मग ते दूध ओढेना. पापण्या अर्ध्यावर उतरल्या, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं झालं, आणि एका सकाळी उचललं तर मान माझ्या हातावर लटकली. आम्ही सगळे बाबांच्याच रुग्णालयात धावलो.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं. "दुधाशिवाय काही दिलं होतं? साखरेचं पाणी, मध, काहीही?"

"काही नाही. फक्त माझं दूध," मी ठासून सांगितलं.

बाबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

बाईंनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, मेंदूचा ताप असेल किंवा नसांचा एखादा जन्मजात आजार, पाठीतून पाणी काढून बघावं लागेल. नवऱ्यानं सही केली. नर्स बाळाला घ्यायला आली. तेव्हा डॉक्टरीणबाई बाबांकडे वळून साधेपणानं म्हणाल्या, "तुमच्या नातवाचा कागद तरी अपुरा राहू नये, म्हणून दोनदा विचारलं हं."

बाबांचा चेहरा पडला. "अपुराच आहे," ते म्हणाले. "लिहा. मध. रोज संध्याकाळी. माझ्या बोटानं."

बाईंनी हातानंच नर्सला थांबवलं.

"पण त्याचं पान वेगळं आहे ना?" हे बाबांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं, की क्षणभर तेच तान्हे वाटले.

"अहो, पान वेगळं आहे कारण मोठ्यांना अन्नात आधीच तयार झालेलं विष बाधतं. बाळाच्या पोटात ते नंतर तयार होतं. पण बी मधातूनच जातं ना!" एवढं बोलून बाई धावल्याच. खास औषध बाहेरून मागवावं लागणार होतं, आणि उशीर झाला तर काय हे त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यातच दिसत होतं.

त्या वेळी मला या माणसाचा गळा धरावासा वाटला. हे मी आजही गोड करून सांगणार नाही. दोनदा प्रश्न विचारला, आणि दोन्ही वेळा हे मूग गिळून उभे! एका बाईसमोर हसं होईल म्हणून!

बाळ कितीतरी दिवस श्वासाच्या मशीनवर होतं. औषध लागू पडलं. आधी पापण्या उघडल्या, मग बोटं हलली. यथावकाश त्याचा कागद कोडसाठी बाबांच्याच टेबलावर आला. कोड तोंडपाठ असलेल्या माणसानं तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे सरकवला आणि पाणी प्यायला उठून गेला. ही हकिगत त्या मुलीनंच मला सांगितली.

बाळ घरी आलं तरी मी बाबांशी बोलत नव्हते. परवा ते भुकेनं किंचाळायला लागलं, अगदी गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं. बाबा दारात आले. आत न येता म्हणाले, "घेऊ का मी?"

या घरात त्यांनी कधी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"हात दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ओलेच होते. आधी तळवे दाखवले, मग उलटे करून दाखवले. बाळ टाहो फोडत होतं. तो टाहो ऐकत मी त्यांना तसंच हात पसरून थोडा वेळ उभं ठेवलं. मग दिलं.