गोणपाटावर ऐकलेलं

"ऊठ. आहेस तशी ऊठ. कशाला शिवू नकोस."

वहिनी हे बोलल्या तेव्हा माझ्या हातात शेवटचा मोदक होता. चतुर्थीचा दिवस. गिरगावातलं त्यांचं घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर आरतीची तयारी चाललेली. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून कळ्या पाडत होते. त्या घरी मी बरीच वर्षं स्वयंपाकाला होते नि चतुर्थीचे मोदक दरवर्षी माझ्याच हातचे. पाहुणे आल्या आल्या विचारायचे, मोदक तिचेच ना?

मी उठले. पाटावर डाग होता. साडीवरही होता.

"गोळी घेतली नव्हतीस?"

"घेतली होती, वहिनी. तुम्ही दिलेली सगळी घेतली."

"मग हे काय? बाप्पा घरात बसलाय नि तू नैवेद्याला हात लावून बसलीस?"

गोळीचं सांगते. पाळी पुढे ढकलायची गोळी. गणपती आले की वहिनी केमिस्टकडून पाकिटं आणायच्या. एक सुनेला, एक मला. त्या पाकिटासोबत मला पेढाही द्यायच्या. मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू? घरातल्या सुनेच्या जोडीनं आपलं नाव धरतात, असं वाटायचं.

पण त्या वर्षी माझं अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. महिने झाले होते. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू. कुणाला सांगितलं असतं तर रोजचीच विटाळशी झाले असते. मग कोण कामाला ठेवणार? गोळी घेतली, दोन दिवस कोरडे गेले, मला वाटलं सुटले. कसलं काय!

वहिनींनी मोदक पिशवीत भरले. सगळे. मी उकड मळून मळून हात भाजून घेतलेले ते मोदक. वॉचमनला वर बोलावलं. तो बिचारा विचारतो, "कुणाला द्यायचेत?" वहिनी म्हणाल्या, "कचऱ्यात. कुणाला देऊसुद्धा नकोस." पाहुण्या बायका दारात येऊन बघत होत्या. त्यांची सून तिथंच उभी होती. इतकी शिकलेली, परदेशात राहून आलेली पोरगी. तीही त्याच गोळ्या गिळणारी. एक शब्द बोलली असती तर? तिनं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मी मागच्या दारानं निघाले. माझ्यामागून वहिनींचे यजमान गोमूत्र शिंपडत आले. मी एक पाऊल टाकायचं, त्यांनी तिथं शिंपडायचं. जिन्याच्या तोंडापर्यंत. साडीचा मागचा भाग पिशवीनं झाकून मी रस्त्यावर आले. सगळीकडे ताशे, गुलाल, माणसं नाचत होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

लालबागला घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. वहिनींनीच माझ्या सासूला सांगितलेलं. सासूनं मला दारातच अडवलं. आमच्याही घरी दीड वीत का होईना, पण मूर्ती होती.

"आत येव नको गो. भायर बस."

चाळीत आमची एकच खोली. तिच्यात नवरा, सासू, मी नि पोरगी. बाजूला बसायचं म्हणजे गॅलरीत, गोणपाटावर. सासू त्याच गोणपाटावर बसत आली, मीही बसत आले. चार दिवसांचं असतं तेव्हा बाई सोसते. माझे चार दिवस संपतच नव्हते. गणपती बसले, गौरी आल्या, गौरी गेल्या, मी गोणपाटावरच. नवरा टेम्पो चालवायचा. जाता-येता माझ्याकडे बघायचा नि चप्पल घालून निघून जायचा.

नि माझी पोरगी. तेव्हा सातवीत होती. सासू तिच्या हातून माझं जेवण पाठवायची. पोरगी उंबऱ्यात उभी राहून वरून वाढायची. भात ताटलीत टप्पकन पडायचा, आमटीचे शिंतोडे माझ्या अंगावर. एकदा तिच्या वेणीचा रबर सुटला म्हणून मी सवयीनं हात वर केला. ती दोन पावलं मागे सरकली.

"आई, शिवू नकोस ना! मला आरतीला जायचंय."

वहिनींनी मोदक फेकले तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. पोरगी मागे सरकली तेव्हा मात्र काळजात चर्र झालं. हे माझ्या पोटचं. हिला मी जन्म दिला तो काय कोरड्यानं दिला? मी तोंडात पदर कोंबून रडले. वाटलं, बस झालं. ही पोरगी उद्या मला आई म्हणेल, पण माझ्या हाताला किळसेल. परवा स्वतःच्या अंगाला किळसेल.

आमच्या शेजारच्या खोलीत एस्तेरमावशी राहायची. इस्पितळात आया होती, आता घरीच. मुलगा गेलेला, एकटी. कानानं कमी ऐकायची म्हणून तिचा रेडिओ सगळ्या मजल्याला ऐकू जायचा. रोज सकाळी, मंडळाचे भोंगे सुरू व्हायच्या आधी, तिचा तो कार्यक्रम लागायचा. आधी बासरी. मग एक माणूस मराठीतून बायबल समजावून सांगायचा. घसा बसलेला असावा असा आवाज. घाई नाही, आरडाओरडा नाही. गोष्ट सांगून झाली की थोडा थांबायचा नि म्हणायचा, "आता तुमच्याकडे येऊ."

आधी मला रागच यायचा. बाई गं, एक तर हे बसणं, त्यात हे प्रवचन! पण गोणपाट नेमकं तिच्या खिडकीखाली. जाणार कुठे? कान काय बंद करता येतात?

एका सकाळी त्या माणसानं एका बाईची गोष्ट लावली. बारा वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. कोरड्या धान्याला विटाळ नाही म्हणून सासूनं दिलेले तांदूळ मी निवडत होते, ते थांबले. होतं नव्हतं ते सगळं तिनं वैद्यांच्या घशात घातलेलं, गुण नाही. त्यांच्यातही विटाळ होताच. ती ज्याला शिवेल तो बाटणार, ती बसेल ती जागा बाटणार. म्हणजे बारा वर्षं तिला कुणी जवळ घेतलेलं नाही. येशू रस्त्यानं चाललेला, मागे ही गर्दी. ती त्या गर्दीत मागून शिरली. वाटलं, नुसता त्याच्या कपड्याचा काठ शिवू, कुणाला कळणार आहे?

लालबागची मी. गर्दी मला कुणी शिकवू नये. दर्शनाच्या रांगेत बायकांना बायका चेपतात, घामाला घाम लागतो. तिथं कोण विचारतं कुणाचा कितवा दिवस? म्हणून मला ती बाई लगेच कळली. शाबास, म्हटलं. शिरलीस ना!

ती शिवली नि तिचं रक्त तिथंच आटलं. पण येशू थांबला. मला कोण शिवलं, म्हणाला.

खरंच सांगते. म्हटलं, आता आलं. आता हिची चारचौघांत लाज काढणार. आता गोमूत्र. ती बाई थरथरत पुढे आली, पाया पडली, सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले.

नि त्यानं तिला 'मुली' म्हटलं. चारचौघांतच म्हटलं. मागे सरकला नाही, कपडा झटकला नाही, जा, आंघोळ करून ये म्हणाला नाही.

रेडिओवरचा माणूस थांबला. मग म्हणाला, "आता तुमच्याकडे येऊ. कुणी तुम्हाला लांब बसवलं असेल, तर ऐका, येशूनं ही हाक लपूनछपून नाही मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारली."

मी तांदळाच्या ताटात डोकं घालून हमसून हमसून रडले. माझा बाप मिलमध्ये होता. मी लहान असताना गेला. मला मुली म्हणून कुणी किती वर्षांत हाक मारली नव्हती. अगं, ए, ऐकलंस का, बाहेर बस, एवढंच माझं नाव.

रडणं ऐकून एस्तेरमावशी बाहेर आली. तिनं विचारलं नाही कितवा दिवस. गोणपाटावर माझ्या बाजूला टेकली नि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मीच दचकले. म्हटलं, "मावशी, मी बसलेय." ती म्हणाली, "बघतेय की. मी पण बसले." तिच्याच कपातून तिनं मला चहा पाजला.

त्या दिवसापासून मी त्या बासरीची वाट बघायला लागले. सासू आतून करवादायची, "किरिस्तावाचा कित्याक ऐकतंस गो? बाटतलंस!" मी म्हटलं, "बाटलेलीच तर बसवलीय तुम्ही. आता आणखी काय बाटणार?" आयुष्यात पहिल्यांदा सासूला उलटून बोलले. चाळीत बातमी झाली, हिला मावशीनं ओढली. मावशीनं मला एका शब्दानं कधी ओढलं नाही. देव्हारा माझ्या घरी आहे तिथंच आहे. मी फक्त ऐकत होते. मला माणूस धरून बोलणारं दुसरं काही त्या गॅलरीत नव्हतं.

आणि बरं वाटलं का मला? नाही. ती गोष्टीतली बाई बरी झाली. माझं रक्त चालूच. मावशीला एकदा विचारलं, "ती बरी झाली, मग मी का नाही?"

मावशी म्हणाली, "मला नाही ठाऊक गं. माझा पोरगाही गेला. मी येशूला रोज विचारते, अजून उत्तर नाही. पण मुली म्हणतो ना, तेवढं मी धरून आहे. ते सोडलं तर माझ्याकडे काहीच नाही."

गणपती गेल्यावर तीच मला इस्पितळात घेऊन गेली. गर्भाच्या पिशवीत गाठी होत्या. डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या, "न तपासता या गोळ्या कुणी दिल्या तुला?" मी सांगितलं, शेटाणीनं, देवासाठी. पिशवी काढावी लागली. ऑपरेशनच्या सकाळी मावशीनं मोबाईल माझ्या कानाशी धरला, तोच आवाज, तीच बासरी. मी घाबरले होतेच. पण एकटी नव्हते.

घरी आले तर सासू म्हणाली, "सुटलंस बाय." पहिल्यांदा तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. मला तो हात हवा होता, किती वर्षं हवा होता. नि तो मिळाला तेव्हा मला भडभडून आलं ते सुखानं नाही. पिशवी कापून टाकल्यावर मिळालेला हात तो.

पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या सकाळी वहिनींचा फोन आला. वर्षभरात विचारपूस नाही, आणि आता आवाज मधाळ.

"अगं, कळलं मला. पिशवी काढली म्हणे. बरंच झालं बघ. आता गोळीचीही कटकट नाही. आता तू कायमची शुद्ध. उद्या ये मोदकांना, पाहुणे तुझंच नाव काढतात."

मी फोन कानाला लावून दाराशी आले नि बघते तर गॅलरीत गोणपाट पसरलेलं. त्यावर माझी पोरगी, गुडघ्यांत तोंड घालून. तिचा पहिलाच दिवस. तिला कुणी बाहेर घातलं नव्हतं. सासू देवळात गेलेली, मी मोरीत होते. पोरगी स्वतःच उठली होती, कोपऱ्यातलं गोणपाट तिनंच ओढून काढलं होतं, तिनंच पसरलं होतं. कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

माझा जीव तिथंच तुटला.

"येतेस ना?" वहिनी फोनवर.

मी म्हटलं, "येते. पण एकटी नाही येणार. माझी मुलगी आज बसलीय. तिलाही आणते. ती कळ्या पाडेल, मी सारण भरीन. चालेल?"

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

"मग नाही येत. आणि ऐका वहिनी. मी आत्ता शुद्ध नाही झाले. मी त्या दिवशीही शुद्धच होते. तुम्ही चांगलं अन्न कचऱ्यात टाकलंत."

फोन मी ठेवला. काम गेलं होतं, तेही दुसऱ्यांदा. पण मागे सरकले नाही. गॅलरीत गेले नि पोरीचा हात धरला.

"आई, शिवलीस! आजीला कळेल! उद्या गणपती आहे!"

ती हात सोडवायला बघत होती, ओरडत होती. खोल्यांची दारं उघडली, माणसं बाहेर आली. येऊ देत. बरंच झालं. मी तिला सगळ्यांदेखत उराशी धरलं नि मोठ्यानं म्हटलं, "मुली, आत चल." ती लाकडासारखी ताठ. तिनं मला मिठी मारली नाही. आत आली, भिंतीला टेकून बसली नि कशालाही हात न लावता रडत राहिली. जे मी नि माझ्या सासूनं तिच्यात भरलं ते एका हाकेनं जाणार नाही, एवढं मला कळतं.

सासू आल्यावर घर डोक्यावर घेईल. घेऊ दे. नवरा काय म्हणेल ते म्हणेल. मी गोणपाट उचललं, विळीवर उभं फाडलं नि उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून टाकलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला पाय पुसावेत.

मग सारणासाठी नारळ खवायला घेतला. उद्या मोदक होतील, आमच्या खोलीत, आमच्या मूर्तीपुढे. पोरगी कळ्या पाडेल. उद्या नाही पाडल्या तर पुढच्या महिन्यात तिच्या पाळीत माझ्याजवळ बसवीन, त्याच्या पुढच्या महिन्यात बसवीन. ती हात मागे घेईल, मी पुन्हा धरीन. आणि तिचं ताट मी वाढीन, खाली बसून, तिच्या ताटाला हात लावून. वरून नाही.